साडेतीन हात जमीन : नादिन गॉर्डिमर यांच्या एका कथेतील माणसे

मूळ धागा · लेखन : जुनी वही

दक्षिण आफ्रिकी लेखिका नादिन गॉर्डिमर यांची ‘सिक्स फीट ऑफ द कंट्री’ ही कथा १९५३ साली ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९५६ साली त्यांच्या एका कथासंग्रहालाही तेच नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीवरच्या साहित्याची चर्चा निघाली की ही कथा पुढे येते, आणि बहुतेक वेळा तिचा निकाल एका वाक्यात लावला जातो: निर्दय गोरा मालक, कनवाळू मालकीण आणि सोशिक काळा नोकर. माझ्या मते यांपैकी एकही विशेषण त्या त्या माणसाला नीट बसत नाही. ते का बसत नाही, हे पाहण्यासाठी हा धागा काढला आहे.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. जोहान्सबर्गपासून दहा मैलांवर एका गोऱ्या जोडप्याने शेत घेतले आहे. नवरा श्रीमंतांच्या सहली आखणाऱ्या एका संस्थेत भागीदार आहे. बायको लेरिस एके काळी रंगभूमीवर काम करत असे. शेतावर काळे मजूर बायकामुलांसह राहतात. हिवाळ्यातल्या एका रात्री अल्बर्ट नावाचा मजूर खिडकी ठोठावतो आणि कोणीतरी फार आजारी असल्याचे सांगतो. निवेदक खोपटात जाऊन पाहतो तो एक तरुण मरून पडलेला. हा घरकाम करणाऱ्या पेट्रसचा भाऊ. कामाच्या शोधात तो ऱ्होडेशियातून (आजचे झिम्बाब्वे) शेकडो मैल पायी आला होता, वाटेत उघड्या माळावर झोपल्यामुळे त्याला थंडी बाधली होती, आणि देशात येण्याचा परवाना नसल्यामुळे त्याला खोपटात लपवून ठेवले होते. अधिकारी शवविच्छेदनासाठी प्रेत घेऊन जातात, न्यूमोनियाचे निदान होते, आणि घरच्यांना न विचारता प्रेत परस्पर पुरूनही टाकले जाते. पेट्रसला भाऊ परत हवा असतो. प्रेत उकरून ताब्यात घ्यायचे तर वीस पौंड लागणार असतात, आणि मजूर ते कसेबसे उभे करतात. शवपेटी येते, अंत्ययात्रा निघते, आणि गावाहून आलेला म्हातारा बाप वाटेतच म्हणू लागतो की माझा मुलगा एवढा जड नव्हता. पेटी उघडल्यावर आत दुसराच माणूस निघतो. खरा भाऊ पुन्हा कधीच सापडत नाही.

आता निवेदकाविषयी. त्याला कथेत नाव नाही, आणि त्याच्याविरुद्ध आपल्याला जे काही कळते ते सगळे त्याच्याच तोंडून कळते. शहरातले गोरे लोक उशाखाली बंदूक घेऊन झोपतात, खिडक्यांना गज लावतात. आमच्या शेतावर मात्र तसले काही नाही, आमच्याकडच्या लोकांना भ्यायचे काही कारण नाही, असे तो समाधानाने सांगतो. शेतावरचे संबंध जवळजवळ सरंजामी आहेत, ते बहुधा चूकही असेल, पण सगळ्यांनाच सोयीचे आहे, अशी त्याची समजूत आहे. या फुशारकीनंतर लगेच लेखिका आपल्याला खोपटात नेते. तेथे एक माणूस तीन दिवस तापाने फणफणत होता आणि हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मालकाला कोणी एका शब्दाने ते कळवले नव्हते. लेरिस तर या सगळ्यांच्या दुखण्याखुपण्यावर स्वतः औषधपाणी करणारी आहे, तरीही तिला कोणी बोलावले नाही. मालक चांगला की वाईट, हा मजुरांपुढचा प्रश्नच नव्हता. परवाना नसलेला माणूस मालकाला दिसला की मालकाला कायद्याच्या बाजूने उभे राहावे लागेल, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. निवेदकाला मात्र हे कथेच्या शेवटपर्यंत उमगत नाही.

त्याला निर्दय म्हणणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. तो अंथरुणातून उठून जातो, अधिकाऱ्यांना दूरध्वनी करतो, चुकीचे प्रेत आल्यावर कचेऱ्यांतून हेलपाटे घालतो. त्याच्या स्वभावाचा मूळ धागा क्रौर्याचा नसून वैतागाचा आहे. बायको मध्यरात्री तर्कशुद्ध बोलते म्हणून तो वैतागतो. शेतावर कोण राहते हे तुम्हाला ठाऊक नाही काय, अशा सुरात पोलिस बोलतो म्हणून वैतागतो. पेट्रस पैसे आणून देतो तेव्हाही वैतागतो. हा पैशांचा प्रसंग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. एक-एक आणि अर्ध्या पौंडाच्या त्या नोटा इतक्या मळलेल्या आहेत की पैशांपेक्षा चिंध्याच वाटाव्यात. त्यांत फ्रान्झचे, अल्बर्टचे, स्वयंपाकिणीचे, माळ्याचे आणि आसपासच्या शेतांवरच्या आणखी कोणाकोणाचे पैसे असतील, असा निवेदक मनाशी हिशेब करतो. म्हणजे त्याला सगळे दिसते. कोणी कोणी पोटाला चिमटा घेतला असेल हेही दिसते. आणि एवढे दिसूनही त्याच्या मनात येते ते हे, की गरीब माणसे मेलेल्यांवर किती पैसा वाया घालवतात!

डोळ्यांना दिसणे आणि मनाला भिडणे यांच्यात पडलेले हे अंतर हाच मला या पात्राचा गाभा वाटतो. मेलेल्या तरुणाचे नाव संपूर्ण कथेत येत नाही, कारण निवेदक ते आपल्याला सांगत नाही, आणि त्याने ते कधी मनात धरले असेल असेही वाटत नाही. अंत्ययात्रा शेतावरून जाते तेव्हा तो गोल्फच्या फटक्यांचा सराव करत असतो. त्याला संकोच वाटतो, तो हातातली काठी घेऊन तसाच थांबतो. संकोच वाटण्याइतका तो सुसंस्कृत आहे. त्यापलीकडे काय करायचे हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही आणि स्वतःहून सुचतही नाही.

प्रतिसाद · गोदाकाठ

मांडणी आवडली, तरीही निवेदकाच्या बाजूने थोडे बोलावेसे वाटते. आपण १९५३ सालच्या दक्षिण आफ्रिकेतील एका गोऱ्या व्यावसायिकाविषयी बोलत आहोत. परवाना नसलेला माणूस आपल्या जमिनीवर सापडला, एवढ्यावरून त्याच्यावर बालंट येऊ शकले असते. तरीही तो पेट्रसला दटावून गप्प बसवत नाही. वीस पौंडांची व्यवस्था होताच तो स्वतः संबंधितांकडे जातो, आणि घोटाळा उघडकीस आल्यावर अनेक दिवस पाठपुरावा करतो. त्या व्यवस्थेतले किती मालक एवढे करायला तयार झाले असते? या माणसाकडून आपण जी अपेक्षा करतो ती सात दशकांनंतरच्या वाचकाची अपेक्षा आहे, असे मला वाटते.

दुसरे असे की मृत्यूवर होणाऱ्या खर्चाविषयी त्याला जे वाटते ते वर्णद्वेषातून आलेले नाही. गरिबांनी उत्तरकार्यासाठी कर्ज काढू नये असे आपल्याकडचे अनेक सुधारकही पोटतिडकीने सांगत आले आहेत. तेव्हा त्या एका विचारावरून त्याचे माप काढणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद · जुनी वही

गोदाकाठ, आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे. तो धडपडतो याविषयी वाद नाही. माझा प्रश्न ही धडपड कोणासाठी आहे, असा आहे. चुकीचे प्रेत आल्यानंतर त्याचा राग खरा आहे आणि तो रोज चौकशी करतो, पण जसजसे दिवस जातात तसतसा हा त्याचा आणि अधिकाऱ्यांचा सामना होत जातो. या लोकांना कोणीतरी जाब विचारलाच पाहिजे, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असे तो म्हणू लागतो. तोवर पेट्रसचा भाऊ बाजूला पडलेला असतो. शेवटी भाऊ मिळत नाही आणि वीस पौंडही परत मिळत नाहीत, या दोन्ही गोष्टी तो जवळजवळ एकाच पातळीवर, एकाच कंटाळलेल्या सुरात सांगून मोकळा होतो.

खर्चाविषयीचा आपला दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण सुधारकाची तुलना येथे लागू पडत नाही. सुधारक ज्या समाजाला सांगतो त्याच्या सुखदुःखात तो सहभागी असतो. शिवाय येथे मजुरांनी मागितलेली गोष्ट म्हणजे काही मोठा समारंभ नव्हे. आपल्या माणसाचे प्रेत आपल्या हाती मिळावे एवढीच त्यांची मागणी आहे, आणि त्यासाठी पैसे भरावे लागतात ते सरकारने ते आधी परस्पर पुरून टाकले म्हणून. तो खर्च रूढीने लादलेला नसून कचेरीने लादलेला आहे. निवेदक मात्र ‘गरिबांची सवय’ म्हणून त्याची वासलात लावतो. एवढे सूक्ष्म निरीक्षण करणारा माणूस नेमक्या याच ठिकाणी कारण आणि परिणाम यांची गल्लत करतो, हे मला लेखिकेने जाणूनबुजून केलेले दिसते.

प्रतिसाद · तळटीप

कथेमागच्या काळाविषयी थोडी भर घालतो, कारण पात्रांचे वागणे त्यावाचून अर्धेच कळते.

नॅशनल पार्टी १९४८ साली सत्तेवर आली, म्हणजे कथा प्रसिद्ध झाली तेव्हा वर्णभेदाला सरकारी धोरण म्हणून जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९५० साली प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंद करणारा कायदा आला आणि त्याच वर्षी कोणी कोठे राहावे हे वंशावरून ठरवणारा कायदाही आला. १९५२ साली काळ्या लोकांच्या पासांचे, म्हणजे कोठे राहावे-फिरावे यासाठी लागणाऱ्या परवान्यांचे, एकत्रीकरण झाले. त्यानंतर ओळखीची सगळी कागदपत्रे असलेले पुस्तक सतत जवळ बाळगणे बंधनकारक झाले आणि ते जवळ नसणे हाच गुन्हा ठरू लागला. खुद्द १९५३ साली सार्वजनिक सोयीसुविधा वेगळ्या करणारा कायदा झाला. पासांविरुद्ध निदर्शने करणाऱ्या काळ्या लोकांवर पोलिसांनी केलेला शार्पव्हिलचा गोळीबार मात्र अजून सात वर्षे दूर होता. अनेक गोऱ्या कुटुंबांना तेव्हा आपले रोजचे जगणे फारसे बदललेले नाही असेच वाटत असणार, आणि निवेदकाच्या बोलण्यातला तो ऐसपैसपणा याच काळाचा आहे. कथेत पौंड येतात त्याचेही कारण हेच. रँड हे चलन १९६१ साली आले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेलेला तरुण काळा तर आहेच, शिवाय तो परदेशीही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या खाणी आणि शेते शेजारच्या देशांतून आलेल्या मजुरांच्या श्रमावर चालत होती, पण ते यावेत ते कंत्राटावर, मोजून आणि परत जाण्याच्या अटीवर. आपल्या पायांनी चालत आलेल्या माणसाची या व्यवस्थेत नोंदच नव्हती. नोंद नसलेल्या माणसाचे प्रेत हरवणे हा योगायोग म्हणता येणार नाही.

प्रतिसाद · निळे तळे

लेरिसविषयी अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही. मला ती या कथेतील सर्वांत अवघड व्यक्तिरेखा वाटते.

वरवर पाहता ती सहानुभूतीची बाजू आहे. तिचे हात कामाने राठ झाले आहेत, ती मजुरांच्या मुलांकडे लक्ष देते, आजाऱ्यांना औषध देते. पेट्रसची विनंती ती नवऱ्यापुढे लावून धरते. एका ठिकाणी निवेदक तिला आणि पेट्रसला शेजारी उभे असताना पाहतो आणि त्याला ती दोघे चमत्कारिक रीतीने सारखी दिसतात: उंच गोऱ्या कपाळाची, सडपातळ घोट्यांची ही बाई आणि टणक, अनवाणी पायांचा तो नोकर, दोघांच्या डोळ्यांत एकच भाव. हे वाक्य वाचताना लेरिस पलीकडे गेली, असे वाटते.

परंतु खोपटातल्या मृत्यूची बातमी कळल्यानंतरची तिची पहिली प्रतिक्रिया आठवा. ‘त्यांनी आपल्याला सांगायला हवे होते’ असे तिचे म्हणणे आहे, आणि स्वयंपाकघरात पेट्रससमोर ती जवळजवळ दुखावल्यासारखी वागते. ज्याचा भाऊ रात्री गेला त्याच्यावर ती रुसते! आपण एवढे केले तरी आपल्यावर विश्वास ठेवला नाही, हे तिचे दुःख आहे. तिच्या चांगुलपणाची पावती तिला हवी होती. विश्वास ठेवण्याचा धोका कोणी पत्करायचा, हा प्रश्न तिच्या मनात येत नाही, कारण तो धोका तिला नाही.

शेवटचा सूटचा प्रसंग मला याच दृष्टीने वाचावासा वाटतो. म्हाताऱ्याची अंगकाठी साधारण तिच्या वडिलांसारखी असल्यामुळे ती त्यांचा एक जुना सूट त्याला देते, आणि निवेदक नोंदवतो की हिवाळ्याच्या दृष्टीने म्हातारा आला होता त्यापेक्षा बऱ्या स्थितीत परत गेला. तो सूट लेरिसने मनापासून दिला असेल, याविषयी मला शंका नाही. वडिलांची वस्तू देताना एका बापाचे दुःख तिला स्पर्शून गेले असणार. तरीही ज्या हातून मुलगा हरवला त्याच जगाचा हात आता कापड देतो, आणि हिशेब मिटल्यासारखा होतो. हिशेब मिटवण्याचे काम नवरा शब्दांनी करतो आणि बायको वस्तूने.

प्रतिसाद · सह्यवासी

निळे तळे यांचे वाचन बरेचसे पटले, पण सूटबद्दल मला थोडे वेगळे वाटते. बऱ्या स्थितीत परत गेला हे वाक्य निवेदकाचे आहे, लेरिसचे नाही. तिने काय विचाराने सूट दिला हे कथा सांगत नाही. संपूर्ण कथेत लेरिसही पेट्रसइतकीच नवऱ्याच्या नजरेतून आपल्यापर्यंत येते, आणि तो तिच्यावर सतत चिडलेला असतो. अल्बर्ट खिडकी ठोठावतो त्या रात्री तर तो शेजारच्या खोलीत वेगळा झोपलेला असतो. अशा माणसाने केलेल्या वर्णनावर तिचा न्याय करताना आपण थोडे सावध राहायला हवे.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडेही जातीप्रमाणे वेगळी स्मशाने असलेली गावे आहेत, आणि मेल्यानंतरही जागेवरून अडवणूक होते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. म्हणून ही कथा मराठी वाचकाला परकी वाटत नाही.

प्रतिसाद · तळटीप

सह्यवासी, साम्य आहेच, पण एक फरकही ध्यानात ठेवू या. आपल्याकडे अडवणूक करणारे बहुधा गावातलेच, ओळखीचे असतात. या कथेत पेट्रसच्या भावाला कोणी अडवत नाही, कोणी शिव्याही देत नाही. खिडकीमागचे कारकून सभ्यपणे बोलतात, झाल्या प्रकाराने त्यांना धक्काही बसतो, आणि तरीही प्रेत सापडत नाही. इतक्या काळ्या चेहऱ्यांपैकी एखादा चालून जाईल असे जणू त्यांना म्हणायचे आहे, हे निवेदकालाच जाणवते. म्हणून ही कथा मी प्रथम तिच्या भूमीतच वाचेन.

प्रतिसाद · गोदाकाठ

शवपेटीत निघालेल्या अनोळखी माणसाविषयी कोणीच बोललेले नाही. वास्तविक त्याचे वर्णन पेट्रसच्या भावापेक्षाही ठळक आहे. तो धिप्पाड आहे, त्याचा रंग थोडा उजळ आहे, आणि त्याच्या कपाळावर व्यवस्थित टाके घातलेल्या जखमेचा वण आहे. हा तपशील मला फार बोचतो. कधीतरी त्याच्या कपाळावर कोणी काळजीपूर्वक टाके घातले होते, म्हणजे तो कोठल्या तरी दवाखान्यात गेला होता, तेथे त्याची चौकशी झाली होती. त्याचीही कोणी कोठे तरी वाट पाहत असणार. वीस पौंड जमवून आणणारे मात्र त्याच्यामागे कोणी नसावे. पेट्रसच्या लोकांनी पैसे भरले आणि एका परक्या माणसाला उकरून काढले. आता त्याचे पुढे काय करायचे, हाही एक प्रश्न, आणि निवेदक तो ओझरता उरकतो.

निवेदकाची बाजू मी वर घेतली होती आणि अजूनही ती पूर्ण सोडलेली नाही. पण या अनोळखी माणसाबद्दल त्याला कुतूहलही वाटत नाही, हे मला त्याच्या वैतागापेक्षा अधिक गंभीर वाटते.

प्रतिसाद · जुनी वही

गोदाकाठ यांच्या या निरीक्षणानंतर पेट्रसकडे वळतो, कारण ‘सोशिक’ हे विशेषण खोडून काढण्याचे मी सुरुवातीला म्हटले होते.

पेट्रस फार थोडे बोलतो, पण कथेतील प्रत्येक हालचाल त्याच्यामुळे होते. भावाला लपवण्याचा निर्णय त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा. प्रेत परत मागणारा तो. खर्चाचा आकडा ऐकून तो मुकाट्याने निघून जाईल असे निवेदकाला वाटते, पण तो पैसे घेऊन उभा राहतो. बापाला एवढ्या लांबून बोलावून घेणाराही तोच. चुकीचे प्रेत आल्यानंतर निवेदक रोज संध्याकाळी काय सांगतो ते तो ऐकत राहतो, म्हणजेच मालकाला रोज उत्तर द्यायला लावतो. याला मी सोशिकपणा म्हणणार नाही. ज्याच्याजवळ एकच साधन आहे, आणि ते साधन म्हणजे गोऱ्या मालकाचा शब्द, तो माणूस ते साधन चिकाटीने शेवटपर्यंत वापरून पाहतो.

आता निवेदकाने पेट्रसच्या मनाचा लावलेला एक अर्थ तपासून पाहण्यासारखा आहे. गोऱ्यांकडे सर्व काही असते, ते वाटेल ते करू शकतात, आणि एखादी गोष्ट ते करत नाहीत ती केवळ करायची नसते म्हणून, असे पेट्रसला वाटते, असे तो सांगतो. अनेक टीपांमध्ये आणि वर्गांमध्ये हे वाक्य पेट्रसच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून दिले जाते. वस्तुतः पेट्रस असे कोठेही म्हणत नाही. मालकाने त्याच्या नजरेत ते वाचले आहे. सह्यवासींनी लेरिसबाबत जी सावधगिरी सुचवली ती येथे दुप्पट लागू होते.

आणि समजा, पेट्रसला खरोखरच तसे वाटत असेल, तर तो चुकतो आहे काय? ज्या व्यवस्थेने त्याच्या भावाचे शरीर हरवले ती गोऱ्यांनीच उभारली होती, तिची नोंदवही त्यांच्याकडे होती, किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, कबरी खणण्याचा हुकूमही तेच देत होते. हा एक मालक हतबल असेल. त्याच्या मागे उभी असलेली सत्ता हतबल नव्हती. निवेदक ज्याला नोकराचा गैरसमज म्हणून थोड्या कीवेने सांगतो, ते मला त्या शेतावर कोणीही केलेले सर्वांत अचूक राजकीय निदान वाटते. मालकाला ते पेट्रसच्या डोळ्यांत दिसते, आणि त्याने आपला उल्लेख त्यात आहे हे ओळखले असावे, म्हणूनच तो ते इतक्या घाईने भोळेपणाच्या खात्यावर टाकतो.